डाव्या बुटातला टॉर्च

टॉर्च इंजिनात राहिला नव्हता. तो माझ्या डाव्या बुटात होता.

हे मी सव्वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. माझ्या हातून चूक झाली असं लिहायला बसलो, तर तो शब्दच खोटा वाटायला लागला. चूक नकळत होते. मी आदल्या दिवशी केबिनचं दार आतून लावून तो टॉर्च बुटात घातला होता आणि चार पावलं चालून बघितलं होतं. घोट्याला टोचत होता, पण लंगडावं लागत नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिंगापूरच्या शाळांना सुट्टी असते. यंदा त्या सुट्टीत आम्ही तिघं हॅम्बुर्गला जाऊन आलो. बायकोला, सुनंदाला, पॅरिस हवं होतं, मुलीला, मैत्रीला, लंडन. "लोक सुट्टीत बंदरं बघायला जात नाहीत हो," सुनंदा म्हणाली. "तुमचं आयुष्य बंदरात गेलं, आता आमचंही घालवा." मी तिकिटं काढली. कारण सांगितलं नाही. मलाही ते धड माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की तिथे नदीवर तरंगत्या धक्क्यांची एक लांबलचक रांग आहे, तिच्या टोकाला घड्याळाचा दगडी मनोरा आहे, आणि तिथे मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. मी तो धक्का फक्त जहाजावरून पाहिला होता.

सिंगापूरला उन्हाळा संपत नाही. टॅम्पिनीसच्या आमच्या खिडकीतून अकरा वर्षं मी तेच झाड तितकंच हिरवं बघतोय. त्यामुळे उन्हाळा संपतानाचा वास मी विसरून गेलो होतो. हॅम्बुर्गला उतरून हॉटेलाबाहेर पाऊल टाकलं आणि तो आला. उन्हाने करपून कडेला पिवळी पडलेली पानं, नदीचा जड, किंचित तेलकट ओलावा, कुठेतरी तळला जाणारा मासा, आणि पिकून फुटलेल्या फळांचा आंबटगोड दर्प. रस्त्यावर चेस्टनटची हिरवी काटेरी बोंडं पडलेली. ऊन होतं, पण ते अंगावर पडत नव्हतं, तिरकं होऊन भिंतींवर बसत होतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला सांगू? पहिली आठवण झाली ती अपराधाची नव्हे. पहिली आठवण मेतकुटाची झाली.

ज्याचं ते मेतकूट होतं, त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या जहाजांवर तसंही नाव कुणी घेत नसे. मुख्य इंजिनिअर म्हणजे बडा साब, त्याच्याखालचा सेकंड साब, मग तीन साब, चार साब आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात तरुण, पाच साब. मी पाच साब होतो. तो तीन साब. पुण्याचा, गोरा, हसरा, पेटी वाजवणारा, जहाजावर सगळ्यांचा लाडका. इंजिनरूममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. पहिल्या दिवशी त्याने माझ्या पाठीवर थाप मारली होती. "चला, शिव्या द्यायला आपली भाषा मिळाली!"

मला तो आवडला होता. हे मुद्दाम लिहितो. ज्याला आधी जीव लावला नाही, त्याचा इतका राग करता येत नाही.

माझे बाबा परभणीला शाळेत शिपाई होते. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ते उभे असायचे. स्टूल होतं, पण कुणी येताना दिसलं की उठायचं, आणि शाळेत कुणी ना कुणी येतच असतं. भाद्रपदातल्या कडक उन्हात ते पितळेची घंटा चिंच लावून घासायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या बोटांना चिंचेचा आणि पितळेचा वास यायचा. त्याच बोटांनी ते माझं डोकं धरून भांग पाडायचे. रविवारी अंघोळ करून, पाय कोरडे करून, खाटेवर पाट ठेवून ते पत्रं लिहायचे. शाळेतली निळी शाई. एक ओळ लिहिली की तिच्यावर फुंकर. मी जहाजावर गेलो आणि त्यांच्या पत्रांना पत्ता मिळाला.

त्यातलं एक पत्र मला स्पेनच्या एका बंदरात मिळालं. जेवायच्या वेळी एजंटाने टपाल आणून टेबलावर ओतलं होतं. मी वाचलं, घडी केली आणि ताटाखाली सरकवून भात घ्यायला उठलो. परत आलो तेव्हा पत्र तीन साबच्या हातात होतं.

"अरे वा, मराठी! बघू बघू, घरी काय चाललंय?"

पहिल्या ओळीत ‘सप्रेम जय भीम’ होतं. तिथे तो क्षणभर थांबला. मग पुढे गेला. एक ओळ मराठीत, मग तिचं हिंदी, चार साब बंगाली होता म्हणून. त्याचा आवाज छान होता. सगळे जेवता जेवता ऐकत होते. बाबांनी लिहिलं होतं, तब्येत जप, समुद्राकडे फार वेळ बघू नकोस, डोकं फिरतं. आणि शेवटी लिहिलं होतं: जेवायला सगळ्यांबरोबर टेबलावरच बसवतात ना? खुर्ची देतात ना?

"खुर्ची!" तीन साब हसला. "सुना क्या? पाच साब के पिताजी पूछ रहे हैं, बैठने को कुर्सी देते हैं कि नहीं! अरे काका, कुर्सी क्या, सोफा देते हैं!"

सगळे हसले. मीही हसलो. हे सगळ्यात वाईट. मी हातातलं ताट सावरत हसलो.

त्या दिवसापासून मी जेवायला आलो की कुणीतरी उठून खुर्ची मागे ओढायचं. "आइए पाच साब, बैठिए, बैठिए. पिताजी को बता देना." खानसामा, इंजिनरूममधला मोटरमन, अगदी कालपरवा जहाजावर चढलेला माणूससुद्धा. बाबांच्या त्या प्रश्नाच्या मागे काय काय उभं होतं ते तीन साबला कळलं नसेल. किंवा त्या थांबलेल्या क्षणात कळलं असेल. सव्वीस वर्षं मी ह्याच दोन वाक्यांमध्ये येरझाऱ्या घालतोय.

पत्र मी दोन दिवसांनी फाडून समुद्रात टाकलं. बाबांची बाकी सगळी पत्रं आहेत. तेवढं एक नाही. आता बाबाही नाहीत.

मग, असाच उन्हाळा संपताना, हॅम्बुर्ग जवळ यायला लागलं आणि तीन साब गाणी म्हणायला लागला. त्याची ताई जर्मनीत होती, हॅम्बुर्गहून गाडीने चार तासांवरच्या एका गावात. तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं आणि घरच्यांनी तिचं नाव टाकलं होतं. हा एकटा तिला चोरून पत्रं लिहायचा. सहा वर्षांत भेट नव्हती. आता जहाज दोन दिवस लागणार होतं, दुसरा दिवस शनिवार, ताईला सुट्टी. ती घड्याळाच्या मनोऱ्याखाली बारा वाजता येणार. हे सगळं त्याने सगळ्यांना दहा दहा वेळा सांगितलं. मलाही. बॉयलरसूट धुताना, पंप उघडताना. "पाच साब, ताई मला उचलायची कडेवर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिच्यासाठी मेतकूट आणलंय आईच्या हातचं. आईला वाटतंय मी खाणार आहे!"

मी ऐकायचो. त्याच्या तोंडून ‘आई’ ऐकलं की मला बाबांची निळी शाई दिसायची.

आता आमच्या कामातली एक रीत सांगायला हवी. इंजिनाच्या पोटात, क्रँककेसमध्ये, काम करायला उतरायचं असेल तर आधी प्रत्येक वस्तू पुठ्ठ्यावर लिहायची. नटबोल्टचे पाने किती, टॉर्च किती, फडकी किती. खिसे रिकामे करायचे. काम संपलं की तीच यादी पुन्हा वाचायची, आणि एकेक वस्तू बाहेर आलेली डोळ्यांनी बघायची. एक फडकं आत राहिलं तरी इंजिन चालू झाल्यावर सत्यानाश. म्हणून यादी जुळेपर्यंत दार बंद होत नाही, आणि ज्याचं यंत्र आहे तो माणूस तिथून हलत नाही. बडा साब आला तरी ह्यातून सुटका नाही. जनरेटर तीन साबच्या ताब्यात होते. शनिवारी सकाळी दोन नंबरचा जनरेटर उघडायचा होता. मदतीला मी.

आत जाताना सगळ्यांचे खिसे बघतात. बाहेर येणाऱ्याचे बूट कुणी बघत नाही.

अकरा वाजता यादी वाचली. पाने बरोबर. फडकी बरोबर. टॉर्च दोन. समोर एक.

"पुन्हा वाच," तीन साब म्हणाला. मी पुन्हा वाचलं. आवाज हलला नाही माझा. त्याने घड्याळाकडे पाहिलं, अंगावरचा धुतलेला शर्ट काढला, परत बॉयलरसूट चढवला आणि आत शिरला.

बारा वाजले. एक वाजला. सेकंड साब कठड्यावर हात ठेवून उभा होता. त्याला वाईट वाटत होतं, पण त्याने ‘जा’ म्हटलं नाही, आणि तीन साबनेही विचारलं नाही. मोबाइल कुणाकडे नव्हता. मी तीन साबच्या शेजारी कोमट तेलात कोपरापर्यंत हात घालून, नसलेला टॉर्च शोधत होतो. तेलाचा, घामाचा, गरम लोखंडाचा वास. घोट्याला ती कडक वस्तू टोचत होती. आणि आत, छातीत, एक गार, गोड, तृप्त काहीतरी पसरत होतं. बस. आता तुला बसायला देतो. बस इथेच.

तीन वाजता तो अंग टाकून खाली बसला आणि तोंडावरून हात फिरवला. तोंड काळं झालं. "ती अजून असेल रे तिथे," तो म्हणाला. "ती जाणार नाही."

चार वाजता मी फरशीच्या लोखंडी पत्र्याखाली हात घातला आणि म्हणालो, "मिळाला, तीन साब. इथे घरंगळला होता."

त्याने टॉर्च घेतला नाही. त्याने माझा हात धरला. दोन्ही हातांनी. "थँक्यू रे. तू नसतास तर उद्यापर्यंत..." आणि रडला. साडेपाचला जहाज सुटणार होतं. बाहेर जाण्याची वेळ कधीच संपली होती.

निघताना तीन साब खाली यंत्रापाशी होता. मला सेकंड साबने जहाजाच्या मागच्या टोकाला पाठवलं, सुकाणूचं यंत्र बघायला. ते बघून मी कठड्याशी आलो. संध्याकाळचे सहा, पण तिकडे त्या दिवसांत सहाला लख्ख ऊन असतं. नदी पितळेसारखी चमकत होती. गावातल्या घंटा वाजत होत्या. धक्क्यावर माणसंच माणसं, आइस्क्रीम खाणारी, जहाजं बघायला आलेली. आणि मनोऱ्याखाली हिरवी साडी.

शेवाळी हिरवी. वरून तपकिरी कोट. कमरेवर, लहान मूल घ्यावं तसा एक डबा धरलेला. ती जहाजाचं नाव वाचत होती. वाचलं आणि धावत धक्क्याच्या कडेला आली. आमच्या मागच्या टोकावर एकच माणूस होता, निळ्या बॉयलरसूटमधला, काळा, बारीक. तिने हात वर केला.

मीही केला. खूप वेळ केला. तो निरोपाचा हात नव्हता. तो जिंकलेल्या माणसाचा हात होता.

त्या रात्री तीन साबने मेतकुटाची बरणी माझ्या केबिनमध्ये आणून ठेवली. "घे. तुझ्यामुळे निदान दार तरी बंद झालं." महिनाभर मी गरम भातावर ते मेतकूट आणि तूप घालून खाल्लं. हळद, हिंग, भाजलेल्या डाळींचा खमंग वास. तेव्हा मला त्यात कडू काही लागलं नाही. इतकं चवदार मेतकूट मी पुन्हा कधी खाल्लं नाही, हे आज लिहितानाही खरं आहे.

पुढच्या वर्षी, दुसऱ्या जहाजावर, त्याच बंगाली चार साबकडून कळलं. तीन साबची ताई गेली. भेट झाली नाही ती नाहीच झाली.

तर यंदा मी त्या धक्क्यावर उभा होतो. पाणी खालून धक्क्याला उचलत होतं, साखळ्या करकरत होत्या. मनोऱ्याखाली केकचं दुकान होतं. मैत्रीने प्लमचा केक घेतला, जांभळ्या फोडी वर रचलेला, आणि लगेच चार गांधीलमाश्या आल्या. मी रुमाल झटकायला लागलो.

"पप्पा, डोंट लाइक दॅट लाह. यू डोंट डिस्टर्ब, दे डोंट डिस्टर्ब."

सुनंदा माझ्याकडे बघत होती. "काय झालंय तुम्हाला? सकाळपासून इथून हलत नाही आहात."

मग मी सांगितलं. तिथेच, बाकावर बसून, गांधीलमाश्यांमध्ये. पत्र, खुर्ची, पुठ्ठा, बूट. शेवटी हिरवी साडी. सुनंदाला खुर्चीची गोष्ट माहीत होती. चार वर्षांपूर्वी सिंगापूरला मराठी लोकांच्या एका स्नेहसंमेलनात तीन साब आम्हाला भेटला होता. तो आता सिंगापुरातच, उत्तरेकडच्या यिशुनला राहतो, शिपयार्डमध्ये काम करतो. "अरे पाच साब!" करून त्याने मला मिठी मारली होती आणि दहा माणसांसमोर सुनंदाला सांगितलं होतं, "वहिनी, ह्याला विचारा, जहाजावर ह्याला खुर्ची द्यायचो की नाही आम्ही!" त्या दिवशी मी परत हसलो होतो. हसताना मनात म्हटलं होतं, माझ्याकडे टॉर्च आहे. ज्या दिवशी काढीन त्या दिवशी तू उभा राहणार नाहीस.

मैत्रीने केक खाली ठेवला. चौदा वर्षांची आहे ती. तिच्या शाळेत, कुणाला मुद्दाम अडकवलं की एक शब्द वापरतात.

"सो यू साबो हिम," ती म्हणाली. "अँड द सिस्टर ऑल्सो."

"त्याने आजोबांना..."

"आजोबांना तिने काय केलं होतं?" हे तिने मराठीत विचारलं. ती सहसा मराठीत बोलत नाही. "द लेडी. व्हॉट डिड शी डू?"

परत आल्यावर आठ दिवस मी तांजोंग पगारच्या ऑफिसात बसून जहाजांचे अहवाल वाचत होतो आणि एकही ओळ डोक्यात शिरत नव्हती. मी तीन साबला भेटायचं ठरवलं होतं. पण मनातलं खरं लिहायचं तर, मी माफी मागायला निघालो नव्हतो. मी टॉर्च काढायला निघालो होतो. माफीच्या कापडात गुंडाळून तो त्याच्या तोंडावर मारायचा, आणि त्याचं तोंड बघायचं. शनिवारी दुपारी टॅम्पिनीसहून निघालो. एकदा गाडी बदलून यिशुनला पोचायला तासापेक्षा जास्त वेळ लागतो. सगळ्या वाटेत मी वाक्यं धार लावून ठेवत होतो.

तो त्याच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, बसला होता. अर्धी चड्डी, गुडघ्याला पट्टा, केस पांढरे. भोवती भांड्यांचा खणखणाट, तळणाचा धूर, वर पंखे.

"ये ये, पाच साब! टॅम्पिनीसहून आलास? पासपोर्ट आणलास ना? यिशुनला एकतर वाट चुकलेला येतो नाहीतर जावई. कोपी घेशील? अंकल, टू कोपी, वन लेस शुगर. मला साखर बंद केलीय, मेल्यांनी." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "काय रे, चेहरा का असा?"

"हॅम्बुर्गला जाऊन आलो."

कोपी, इथली दुधाळ कॉफी, आली. त्याने चमच्याने उगीचच ढवळली.

"धक्क्यावर गेला होतास?"

"हो."

"मी कधी गेलो नाही," तो म्हणाला. "किती वेळा संधी आली. नाही गेलो." मग हसला, त्याचं ते जुनं हसू नव्हतं. "तुला एक सांगतो. कुणाला सांगितलं नाही आजवर. ताईचं शेवटचं पत्र आलं ना, त्यात तिने लिहिलं होतं, तू मागच्या कठड्याशी उभा होतास. निळ्या कपड्यांत. किती वाळला आहेस रे. पण हात करत होतास, दिसेनासं होईपर्यंत करत होतास. मला तेवढं पुरलं. असं लिहिलं तिने. मी तर खाली यंत्रापाशी होतो! कुणी हात केला देव जाणे. पण मी तिला कळवलं नाही. म्हटलं, असू दे. तेवढं घेऊन गेली ती."

वाटेत धार लावलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"तो मी होतो," मी म्हणालो.

"काय?"

"हात केला तो. मी होतो."

त्याचे डोळे भरले. टेबलावरून त्याने माझा हात धरला, दोन्ही हातांनी. "तू? अरे... बरं केलंस रे. फार बरं केलंस. पाच साब, तुला माहीत नाही तू काय केलंस."

ज्या हातांनी त्याने मला इंजिनरूममध्ये धरलं होतं, त्याच हातांनी तो दुसऱ्यांदा माझे आभार मानत होता. मी गप्प बसलो असतो तर ते आभार आयुष्यभर माझे झाले असते. क्षणभर मला तेही हवेसे वाटले.

"टॉर्च पत्र्याखाली नव्हता," मी म्हणालो. "माझ्या बुटात होता. सकाळपासून. मी ठेवला होता."

त्याला समजायला वेळ लागला. हात हळूहळू सुटले. शेजारच्या टेबलावरच्या बाईने ताटल्या उचलल्या, टेबल पुसलं, गेली.

"का?" त्याने विचारलं.

"तुम्ही बाबांचं पत्र वाचलंत."

"कुठलं पत्र?"

"खुर्चीचं."

"ते? अरे ती मस्करी..." आणि तो थांबला. पत्राच्या पहिल्या ओळीवर थांबला होता तसाच थांबला. ह्या वेळी मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तिथे काहीतरी उमटत गेलं. चार वर्षांपूर्वीची दहा माणसं, त्याआधीचं जेवणाचं टेबल, आणि बाबांचा प्रश्न, पहिल्यांदाच, प्रश्नासारखा. त्याचा रंग उतरला. हेच बघायला मी आलो होतो. सव्वीस वर्षं ह्या चेहऱ्याची वाट बघितली होती, आणि तो माझ्यासमोर होता. साठीला आलेला, गुडघा दुखणारा, ताईच्या पत्रातलं एक वाक्य जपून ठेवलेला माणूस.

"तुझ्या बाबांना मी..." तो म्हणाला.

मला कळलं, तो आता आधी बोलणार. त्याने आधी माफी मागितली असती तर माझी माफी परतफेड झाली असती, दोघांचं फिटलं असतं, आणि ती हिरव्या साडीतली बाई तशीच धक्क्यावर उभी राहिली असती.

"थांबा," मी म्हणालो. "ते नंतर बोलू. बोलायचंच आहे, मी ते सोडणार नाही. पण आधी माझं ऐका. मी आज तुम्हाला दुखवायला आलो होतो. ते राहू दे. तुमची ताई बारा वाजल्यापासून सहा तास उभी होती आणि तिने माझं काहीही वाईट केलं नव्हतं. मला माहीत होतं ती उभी आहे. माहीत असून मी तुम्हाला जाऊ दिलं नाही. आणि तिला हात केला तो तुमच्या नावाने नव्हता केला, मी जिंकलो म्हणून केला होता. हेही तुम्हाला माहीत असायला हवं. ताईची माफी मागायला आता जागा उरली नाही, म्हणून तुमच्याकडे मागतो. तिच्यासाठी वेगळी, तुमच्यासाठी वेगळी. मला माफ करा. जमलं नाही तरी चालेल, पण मी मागितली हे खरं धरा. ही नकळत झालेली चूक नव्हती, मी ते केलं. मला माफ करा."